फौजेतून मिळालेला पदवीचा दाखला आणि विद्यापीठाची पदवी: दोन्हींत फरक काय, आणि पेन्शन आल्यावर शिकायचं कसं

जून महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर एक गृहस्थ आले. शर्टाला कडक इस्त्री, बुटाला पॉलिश, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर. मी दहाची वेळ दिली होती, ते पावणेदहाला दारात उभे होते. एकोणीस वर्षं पायदळात काढून नाईक हुद्द्यावर पेन्शन आलेले, वय अडतीस. त्यांना एम.ए.ला प्रवेश घ्यायचा होता. फोल्डरमधून लॅमिनेट केलेला एक कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ग्रॅज्युएशन झालंय सर. रेकॉर्ड ऑफिसनं दिलंय."

कागद अगदी खरा होता. सही होती, शिक्का होता, पंधरा वर्षांहून जास्त सेवेचा उल्लेख होता. तरी त्या कागदावर एम.ए.ला प्रवेश मिळत नाही. मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. कागद पुन्हा फोल्डरमध्ये सरळ लावला आणि शांतपणे विचारलं, "मग हा कागद कशाचा आहे?"

समंत्रक, म्हणजे केंद्रावरचा शिक्षक, म्हणून मी रविवारची संपर्कसत्रं (वर्ग) घेतो, प्रवेशाच्या दिवसांत अर्ज भरून देतो. हा प्रश्न माझ्यासमोर दरवर्षी येतो, आणि रांग उभी असताना दहा मिनिटांत त्याचं धड उत्तर देता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

तो कागद कशाचा आहे

अग्निवीर भरती सुरू होण्याआधी, म्हणजे २०२२ पूर्वी, मुलगा दहावी-बारावी करून अठरा-एकोणीसाव्या वर्षी भरती व्हायचा. शिपाई जनरल ड्यूटीला दहावी पास पुरायचं. पंधरा वर्षं सेवा झाली की तो पेन्शनला पात्र होतो, आणि हुद्द्याप्रमाणे पुढची काही वर्षं काढून पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. देशभरात दरवर्षी साठ हजारांच्या आसपास सैनिक असे निवृत्त होतात. गावाकडे 'पेन्शनर' म्हटलं की काठी टेकत पारावर बसलेला म्हातारा डोळ्यांसमोर येतो. इथे मात्र पेन्शनरची मुलगी सातवीत असते आणि घराचा हप्ता अजून निम्मा बाकी असतो. म्हणजे दुसरी नोकरी हवीच. नागरी नोकरीच्या जाहिराती पाहिल्या तर जिकडेतिकडे एकच अट: पदवीधर.

यावर केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने १२ फेब्रुवारी १९८६ च्या आदेशाने एक तोड काढली. माजी सैनिक दहावी पास असेल, किंवा त्याच्याकडे भारतीय सेनेचं स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन असेल (नौदल आणि हवाई दलातलं तत्सम प्रमाणपत्रही चालतं), आणि त्याने किमान १५ वर्षं सेवा केली असेल, तर गट क मधल्या (कारकून वगैरे श्रेणीतल्या) ज्या पदांना पदवीची अट आहे त्यांच्यासाठी त्याला पात्र धरावं. ज्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक कामाचा अनुभव लागतोच, तिथे ही सवलत नाही. महाराष्ट्र शासनाच्या भरतीच्या जाहिरातींतही याच अर्थाची ओळ असते: १५ वर्षं सेवा आणि एस.एस.सी. उत्तीर्ण असलेला माजी सैनिक पदवीची अट असलेल्या पदाला अर्ज करू शकतो. रेकॉर्ड ऑफिसचा, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या कार्यालयाचा, दाखला याच आदेशाच्या आधारावर दिला जातो.

यातली मेख नीट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. इथे सरकार नोकरी देणारा मालक म्हणून बोलतं आहे. 'माझ्याकडच्या अमुक जागांसाठी मी पदवीची अट सोडतो, तुझी पंधरा वर्षं मी त्या जागी धरतो,' एवढाच त्याचा अर्थ. पदवी देण्याचा अधिकार मात्र १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याप्रमाणे विद्यापीठांचा आहे. रेकॉर्ड ऑफिस पदवी देऊ शकत नाही, आणि दाखल्यात तसा दावाही नसतो. एस.टी.चा सवलतीचा पास रेल्वेत दाखवला तर टी.सी. मान हलवतो. पास खोटा नसतो, गाडी दुसरी असते. इथेही तसंच आहे.

बँकेचं उदाहरण घेतलं तर हे अगदी लख्ख दिसतं. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीला पदवी लागते, पण १५ वर्षं सेवा झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला त्या परीक्षेला बसता येतं. त्याच बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या जागेसाठी खरी पदवी लागते, दाखला चालत नाही. बँक तीच, इमारत तीच, पण एक काउंटर उघडा आणि दुसरा बंद. दाखल्यावर यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा देता येत नाही. बी.एड. करता येत नाही, तीन वर्षांचं एलएल.बी. करता येत नाही, एम.ए. किंवा एमबीएला प्रवेश मिळत नाही.

हे वाचून कुणी दाखल्याला कमी लेखू नये. त्याच्या जोरावर हजारो घरांत दुसरी नोकरी आली आहे. माझं म्हणणं इतकंच की युनिटमधून निघतानाच जवानाला हा फरक तोंडी समजावून सांगायला हवा. 'ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट' हे नावच इतकं फसवं आहे की माणूस चार-पाच वर्षं आपण पदवीधर आहोत असं समजून बसतो, आणि ज्या वयात पदवी सहज पुरी झाली असती ते वय हातातून निसटतं.

आधी बारावी

ज्यांची दहावीच झाली आहे त्यांना पहिली पायरी बारावीची. दोन वाटा आहेत. एक, आपल्या राज्य मंडळाची बारावी बाहेरून देणं, म्हणजे गावात ज्याला सगळे '१७ नंबरचा फॉर्म' म्हणतात तो भरणं. दुसरी, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची बारावी. तिचा फायदा असा की विषय एकेक करून सोडवता येतात, आणि फील्डमधून सुट्टी मिळेल तशी परीक्षा देता येते.

बारावी टाळून थेट पदवीला जायची वाट कुणी दाखवली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बार कौन्सिलचा (वकिलीचं नियमन करणाऱ्या संस्थेचा) नियम आहे की मूळ शालेय पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्याला कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. फौजेतून आलेल्या बऱ्याच जणांचा ओढा वकिलीकडे असतो. जमिनीच्या वाटण्या, रस्त्याची भांडणं, सातबाऱ्यावरच्या नोंदी हे सगळं त्यांनी सुट्टीवर आल्यावर पाहिलेलं असतं, आणि गावातल्या कुणीतरी शिकलेल्या माणसाने यात लक्ष घालावं असं त्यांना मनापासून वाटतं. अशा माणसाने दहावी, बारावी, पदवी ही पायरी क्रमानेच चढावी. एका पायरीची बचत पुढे दार बंद करते.

एकशे वीस क्रेडिटचं गणित

नव्या शैक्षणिक धोरणानंतर सगळीकडे 'क्रेडिट' हा शब्द ऐकू येतो आणि माणूस गोंधळतो. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. मुक्त शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास: वाचन, गृहपाठ, संपर्कसत्र, उजळणी सगळं धरून. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट लागतात. म्हणजे ३६०० तास. वर्षाला १२००, दिवसाला सव्वातीन तास.

हा आकडा सांगितला की समोरच्याच्या कपाळावर आठी पडते, पण तो आधी सांगितलेला बरा. सकाळी सिक्युरिटीची ड्यूटी, संध्याकाळी म्हशींची धार, आणि मध्ये सव्वातीन तास असं रोज होणार नाही. म्हणूनच मुक्त विद्यापीठं मुदत लांब देतात. इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त सहा वर्षांत पुरी करता येते. सहा वर्षं धरली तर दिवसाला पावणेदोन तासांच्या आतच काम भागतं. पहाटे चार-साडेचारला उठायची सवय ज्या माणसाला आहे त्याच्याकडे हे तास आहेत. घरातल्या इतर कुणाकडे नसतील, पण त्याच्याकडे आहेत.

मिळवलेले क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुमच्या नावावर जमा होतात. बँकेत पैसे असतात तसे. बदली झाली, मध्येच खंड पडला, दुसऱ्या विद्यापीठात गेलात, तरी नियमांत बसतील तेवढे क्रेडिट सोबत येतात. नोकरीतल्या जवानाला याचा मोठा आधार आहे, कारण पठाणकोटला सुरू केलेला अभ्यासक्रम तेजपूरला आणि तिथून पुण्याला न्यावा लागतो.

मी तर म्हणेन, पेन्शनची वाट पाहूच नका. नोकरीची शेवटची पाच-सहा वर्षं हाताशी असतानाच बी.ए. किंवा बी.कॉम.ला नाव घाला. पीस स्टेशनची, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्याची, अडीच-तीन वर्षं मिळतात, त्यात निम्मे पेपर निघतात. युनिटमधला शिक्षण हवालदार यात खूप मदत करतो, त्याला विचारायला लाजू नका.

कुठल्या विद्यापीठात जायचं? इग्नू १९८५ सालचं, आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं. मराठीतून लिहायचं असेल तर नाशिकचं सोयीचं, सतत बदली असेल तर इग्नूचं जाळं देशभर आहे. दूरशिक्षणाची मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. तेव्हा 'बाहेरून केलेली पदवी' म्हणून कुणी नाक मुरडलं तर ते मनावर घेऊ नका.

एक मात्र कळकळीने सांगतो. पेन्शन आलेल्या माणसाच्या खात्यात ग्रॅच्युइटीचे पैसे असतात, आणि हे बाजाराला माहीत असतं. 'एका वर्षात डिग्री, तारीख मागची टाकून देऊ, परीक्षेला यायची गरज नाही,' असं सांगणारे लोक जिल्ह्याच्या ठिकाणी फिरत असतात. असं कुणी बोललं की तिथून उठावं. दूरशिक्षणाच्या कोणत्या विद्यापीठाला कोणत्या वर्षी कोणत्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे, याची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. आता तर प्रवेशाआधी तिथे आपली डीईबी आयडी, म्हणजे या विभागाचा विद्यार्थी ओळख क्रमांक, काढावी लागते. ती काढायला जो माणूस टाळाटाळ करतो, त्याच्याकडची पदवी कागदाच्या किमतीचीही नाही. खोट्या पदवीवर मिळालेली नोकरी जाते आणि गुन्हा नोंदला जातो. वीस वर्षं डागाशिवाय काढलेल्या माणसाच्या नावावर हे येऊ नये.

अग्निवीरांचं वेगळं आहे

वरचं सगळं पंधरा वर्षांच्या हिशोबाचं. २०२२ पासून जवान अग्निवीर म्हणून भरती होतात, आणि अग्निवीराची सेवा चार वर्षांची. त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम ठेवलं जातं, बाकीचे घरी येतात. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६-२७ च्या सांध्यावर भरतात. त्यांना पेन्शन नाही. सेवा निधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये एकरकमी मिळतात. आणि चार वर्षांच्या सेवेवर पदवीच्या बरोबरीचा तो दाखला मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणूनच त्यांच्यासाठी इग्नूची वेगळी तीन वर्षांची पदवी २०२२ मध्ये जाहीर झाली. तिची बांधणी मला मनापासून पटते. पदवीचे निम्मे क्रेडिट त्यांनी सेवेत घेतलेल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. उरलेले निम्मे भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, वाणिज्य, पर्यटन, शेती अशा विषयांतून निवडून अभ्यासायचे. पहिल्या वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. दहावीवर भरती झालेल्यांना बारावीसाठी एनआयओएसची सोय आहे. वरच्या हिशोबाने पाहिलं तर निम्मे क्रेडिट म्हणजे १८०० तास आधीच जमा झाले. चौथ्या वर्षाची वाट न पाहता नाव नोंदवलं तर एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी मुलगा घरी येईल तेव्हा त्याच्या हातात पदवी असू शकते. ज्या घरातला मुलगा अग्निवीर आहे त्या घरातल्या मोठ्यांनी फोनवर 'जेवलास का' विचारताना 'फॉर्म भरलास का' हेही विचारावं.

नोकरी आधी की पदवी आधी

घरचे म्हणतात, मिळेल ती नोकरी धर. वय निघून जाईल ही भीती असते. पण वयाचा नियम नीट वाचला तर भीती बरीच कमी होते. केंद्राच्या गट क पदांसाठी माजी सैनिकाच्या वयातून त्याची फौजेतली सेवा वजा करतात, आणि उरलेलं वय पदाच्या मर्यादेपेक्षा तीन वर्षांपर्यंत जास्त असलं तरी चालतं. आमच्या नाईकांचं उदाहरण घेऊ. एकोणीसाव्या वर्षी भरती, एकोणीस वर्षं सेवा. पदाची मर्यादा २७ असेल तर २७ अधिक ३ अधिक १९, म्हणजे एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत ते अर्ज करू शकतात. आज ते अडतीसचे आहेत. हातात अकरा वर्षं आहेत. त्यात बी.ए. बसतं, बी.एड.ही बसतं.

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेचा हिशोब मात्र निराळा. तिथे पाच वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला सवलत जास्तीत जास्त पाचच वर्षांची. खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३२, म्हणजे ३७. अडतिशीत पेन्शन आलेल्या खुल्या प्रवर्गातल्या जवानाला ती वाट बंद. कुणी क्लासवाला या वयात लाखभर फी घेऊन कलेक्टर करतो म्हणाला तर आधी हा आकडा मांडून बघा.

आणखी एक गोष्ट पारावरच्या चर्चेत कधीच येत नाही. केंद्राच्या नियमाने माजी सैनिक म्हणून आरक्षणाचा लाभ घेऊन एकदा नागरी सरकारी नोकरीत रुजू झालात की ते आरक्षण संपतं. पुढच्या अर्जाला वयाची सवलत राहते, राखीव जागा राहत नाही. रुजू होण्याआधीच इतर ठिकाणी अर्ज केलेले असतील आणि रुजू होताना त्यांची यादी लेखी दिली असेल, तर त्या अर्जांपुरता लाभ टिकतो. हा खुलासा ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आहे. केंद्रात गट क मध्ये १० टक्के, सरकारी बँकांत साडेचौदा टक्के, महाराष्ट्रात १५ टक्के समांतर आरक्षण, एवढी मोलाची शिदोरी एकदाच सोडायची असते. पहिल्या भुकेला ती सोडायची का, याचा विचार घरात बसून, वहीत मांडून करावा. ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे त्यांनी नोकरी धरावी आणि पदवी बाहेरून करावी. ज्यांचं पेन्शनवर भागतं त्यांनी दोन-तीन वर्षं शिक्षणाला द्यायला काहीच हरकत नाही.

पैसा

इथे सांगण्यासारखं थोडं आहे आणि ते फारसं सुखाचं नाही. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना सगळ्यांना माहीत आहे: मुलीला महिना ३००० रुपये, मुलाला २५००. पण ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवा पत्नींसाठी आहे. स्वतः सैनिकाच्या पदवीसाठी नाही. पुनर्वास महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, निवृत्तीच्या तोंडावर कोर्स देतं. जवान आणि जेसीओंना (नायब सुभेदार, सुभेदार अशा हुद्द्यांना) ते विनाशुल्क असतात, अधिकाऱ्यांच्या फीचा मोठा भाग सरकार उचलतं. हे कोर्स जरूर करावेत, पण ते कौशल्याचे आहेत, त्यातून पदवी मिळत नाही.

अमेरिकेने दुसरं महायुद्ध संपायच्या आधीच, जून १९४४ मध्ये, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा कायदा केला. फी सरकारची, वर घरखर्चाला दरमहा भत्ता. १९५६ पर्यंत सुमारे २२ लाख सैनिक त्यातून कॉलेजात गेले, आणि १९४७ च्या सुमारास तिथल्या कॉलेजांत जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. आपल्याकडे मुलांच्या शिक्षणाचा विचार झाला, बापाच्या शिक्षणाचाही व्हायला हवा असं मला तीव्रतेने वाटतं. फौज आणि शिक्षण यांचं नातं आपल्याला परकं नाही. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, आणि त्या घरात काय घडलं ते सगळ्या देशाला माहीत आहे.

तोवर मुक्त विद्यापीठाची फी पेन्शनमधून भरता येण्याजोगी असते, हाच दिलासा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मात्र एकदा जाऊन नाव नोंदवून यावं. तिथे योजना आणि भरत्या दोन्ही कळतात.

बाकावर बसल्यावर

खरी अडचण प्रवेशानंतर सुरू होते, आणि ती बुद्धीची नसते. एकोणीस वर्षं माणसाने शिटीवर काम केलेलं असतं. पीटी कधी, रोल कॉल कधी, जेवण कधी, सगळं ठरलेलं. मुक्त विद्यापीठात कुणी शिटी मारत नाही. गृहपाठाची तारीख संकेतस्थळावर येते आणि निघून जाते. मोठी जबाबदारी चोख पार पाडणारी माणसं इथे एक साधी तारीख चुकवतात आणि स्वतःलाच दोष देत बसतात. त्यावर आमच्या एका विद्यार्थ्याने छान उपाय केला. त्याच्या मुलीची दहावी होती. बापलेक एकाच टेबलावर समोरासमोर बसायचे, आणि भिंतीवर दोघांच्या तारखांचं एकच वेळापत्रक लावलेलं. पहाटे तो तिला उठवायचा, रात्री ती त्याला पुस्तक मिटू द्यायची नाही.

दुसरी अडचण हाताची. इतकी वर्षं रोजचं बोलणं हिंदीत, लिहिणं म्हणजे रजेचा अर्ज नाहीतर गार्ड रजिस्टर. तीन तास सलग मराठीत लिहायचं म्हटलं की तासाभरात मनगट धरतं. 'परंतु'च्या जागी 'लेकिन' येतं. यावर दुसरा इलाज नाही, रोज दोन पानं हाताने लिहायची. काय लिहू म्हणाल तर आजचं वर्तमानपत्र उतरवून काढा. दोन महिन्यांत हात सुटतो. तोफखान्यातून आलेल्यांना कानाने कमी ऐकू येतं आणि ते संकोचाने मागे बसतात. त्यांनी पहिल्या बाकावर बसावं आणि आम्हाला तसं सांगावं. विशीतली पोरं 'काका' म्हणतात, ते प्रेमानेच म्हणतात.

आणि एक गोष्ट त्यांच्याकडे आहे जी त्या पोरांकडे नाही. ती मला त्या नाईकांनीच शिकवली. पहिल्या संपर्कसत्रानंतर ते वही घेऊन आले. प्रश्न होता, १९७२ च्या दुष्काळाचे महाराष्ट्रावर झालेले परिणाम. त्यांनी चार तुटक मुद्दे लिहिले होते, सिच्युएशन रिपोर्टसारखे. मी म्हटलं, याला पाचही गुण मिळणार नाहीत. मग सहज विचारलं, तुम्ही सेक्शनला, म्हणजे हाताखालच्या छोट्या तुकडीला, हुकूम कसा द्यायचात? ते खुर्चीत ताठ झाले. म्हणाले, आधी जमीन समजावायची, समोर काय, उजवीकडे काय, डावीकडे काय. मग खबर, दुश्मनाची आणि आपली. मग मकसद, तो दोनदा सांगायचा. मग कोण काय करणार. मग रसद, आणि शेवटी कुणाला काही विचारायचंय का.

मी त्यांना तीच चौकट वहीत उतरवायला सांगितली. जमीन म्हणजे पार्श्वभूमी: कोणता भाग, पाऊस किती वर्षं हुलकावणी देत होता. खबर म्हणजे माहिती: पिकं गेली, गुरं बाजारात आली, माणसं मुंबईकडे निघाली. मकसद म्हणजे प्रश्नात नेमकं काय विचारलंय ते एका वाक्यात. कोणी काय केलं, म्हणजे सरकारची दुष्काळी कामं, त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना. आणि रसद म्हणजे धान्य, सुकडी, खडी फोडणाऱ्या बायांची मजुरी. पुढच्या रविवारी त्यांनी तोच प्रश्न अडीच पानांत लिहून आणला. शेवटी एक ओळ त्यांच्या आजीने सांगितलेली होती, खडी फोडताना पदराखाली मूल घेऊन बसलेल्या बाईची. ती ओळ पुस्तकात नाही. मी तिच्याखाली लाल शाईने रेघ ओढली आणि बाजूला 'उत्तम' लिहिलं.

कागद आधीच तपासा

आता शेवटचं, आणि याच्यासाठी मी सेवेत असलेल्या वाचकांना हात जोडून सांगतो. युनिट सोडण्याआधी नावं जुळवून घ्या. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, डिस्चार्ज बुकात वडिलांचं नाव गायब असतं किंवा स्पेलिंग वेगळं असतं. विद्यापीठाचा अर्ज, क्रेडिटचं खातं आणि डीईबी आयडी या सगळ्यांना आधारशी जुळणारं नाव लागतं. सेवेत असताना पार्ट टू ऑर्डर (सेवेच्या नोंदीत बदल करणारा युनिटचा आदेश) निघून फौजेच्या कागदातली दुरुस्ती होते. बाहेर आल्यावर तीच गोष्ट प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार यांत महिनोन्महिने अडकते. सोबत दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं, सेवेत केलेल्या प्रत्येक कोर्सचं प्रमाणपत्र आणि तो पंधरा वर्षांचा दाखलाही मागून घ्या. कोर्सची प्रमाणपत्रं अनेक जण पेटीच्या तळाशी टाकून विसरतात, आणि क्रेडिटसाठी विचारणा झाली की तीच सापडत नाहीत.

आमच्या नाईकांची बारावी झालेली होती, म्हणून त्यांचा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश झाला. नावाच्या दुरुस्तीत पाच आठवडे गेले. तो लॅमिनेट केलेला दाखला त्यांनी बँकेच्या क्लार्क परीक्षेच्या अर्जासाठी वापरला आहे. परीक्षा हिवाळ्यात आहे, आणि त्याच महिन्यात त्यांचे पहिल्या सत्राचे पेपरही. दोन्ही वेळापत्रकं त्यांनी मला फोनवर पाठवली, तारखा कुठे आपटत नाहीत ना हे बघायला.